लाल बाटली, चार फुगे आणि माझी एक दुरुस्ती



मागच्या वर्षी मृगाच्या आधी याच पानावर मी लाल बाटलीबद्दल लिहिलं होतं. पारदर्शक बाटलीत ओढ्याचं पाणी, एक अंडं फेटून, चमचाभर अजिनोमोटो, आणि महिनाभर ऊन. पाणी लालबुंद होतं आणि त्यात प्रकाशावर जगणारे, हवेतला नायट्रोजन बांधणारे जिवाणू वाढतात, हे मी लिहिलं ते बरोबरच होतं. पण शेवटी जोशात येऊन "आता युरियाला रामराम" असंही लिहिलं. ते वाक्य आज मागे घेतोय. का घेतोय ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं मागे घेऊन भागणार नाही.

दिवाळीनंतर पलीकडच्या खोऱ्यातला एक पोरगा घरी आला. तिशीतला असेल. वीस गुंठे इंद्रायणी. दरवर्षी साडेआठ-नऊ क्विंटल भात होतो, यंदा सहाला टेकला. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग म्हणाला, "तात्या, तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी युरिया टाकलाच नाही. दहा बाटल्या पाण्यासोबत सोडल्या." भांडायला आला नव्हता. त्याला फक्त विचारायचं होतं की त्याचं काय चुकलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीतरी पावसाचं, काहीतरी जमिनीचं बोलून वेळ मारून नेली. तो गेल्यावर कारभारीण म्हणाली, "त्याला खरं सांगायचं होतं, माहीत नाही म्हणून." ते लागलं.

आता पहिला हिशेब, जो मी लिहिण्याआधी करायला हवा होता. दहावी पास माणसाला येतो तेवढाच आहे. अजिनोमोटोमध्ये नायट्रोजन साधारण साडेसात टक्के. मोठा चमचा १५ ग्रॅमचा धरला तर त्यात एक ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन, त्यातही एक ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाटलीत आपण घातलेला नायट्रोजन दोन ग्रॅम. दहा बाटल्यांचा वीस ग्रॅम. आणि युरियाची एक गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के, म्हणजे वीस किलो आणि वर थोडा. वीस ग्रॅम कुठं आणि वीस किलो कुठं. एक टन भात पिकायला पीक जमिनीतून पंधरा ते वीस किलो नायट्रोजन उचलतं. आता कोणी म्हणेल, बाटलीतला नायट्रोजन मोजायचाच नाही, ते जिवाणू खाचरात गेल्यावर हवेतला बांधणार आहेत. बरोबर. मीही तेच धरून बसलो होतो. खरी गोम तिथंच आहे.

माझी पुतणी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. शिमग्याला आली तेव्हा तिच्यापुढे सगळं मांडलं. तिनं पहिल्यांदा विचारलं, "काका, बाटल्या फुगतात का?" फुगतात तर! मागच्या उन्हाळ्यात वीस लिटरचा कॅन तयार करायला ठेवला होता, झाकण घट्ट लावलेलं. उघडायला गेलो तर झाकण सुटून हनुवटीवर बसलं. मला वाटलं अंडं सडलं, त्याचा वायू. ती म्हणाली, थोडा तोही असेल, पण त्यात हायड्रोजनही असणार, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या हायड्रोजनमध्येच आहे.

मग तिनं सांगितलेली गोष्ट अशी. १९४९ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्टिन केमन आणि त्यांचा विद्यार्थी हॉवर्ड गेस्ट हे जांभळ्या-लाल जिवाणूवर काम करत होते. रोडोस्पिरिलम रुब्रम हे त्याचं नाव. केमन म्हणजे ज्यांनी सॅम रुबेनबरोबर १९४० मध्ये कार्बन-१४ शोधला तेच. (या माणसाला युद्धाच्या काळात संशयावरून नोकरीवरून काढलं होतं आणि पुढे सरकारी चौकशीला उभं केलं होतं. मोठ्या माणसांचंही सरळ जात नाही.) तर या दोघांना दिसलं की बाटली उजेडात ठेवली आणि जिवाणूला नायट्रोजनसाठी ग्लुटामेट दिलं तर भरपूर हायड्रोजन निघतो. ग्लुटामेटऐवजी अमोनियाचं मीठ दिलं तर जिवाणू मस्त वाढतो, पण हायड्रोजन बंद. आणि बाटलीत नायट्रोजन वायू सोडला तरीही हायड्रोजन थांबतो. यावरूनच त्यांनी ओळखलं की हा जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधू शकतो. तोवर हे कोणाला माहीत नव्हतं.

ग्लुटामेट म्हणजे काय? अजिनोमोटोच. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी सेंट लुईसच्या बाटलीत जे होतं, तेच आपण वाण्याकडून पुडीत आणतो. हे ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसलो.

आता हे का होतं. जिवाणूच्या पोटात नायट्रोजिनेज नावाचं एक विकर असतं. हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणं हे त्याचं काम. हे काम करताना ते थोडा हायड्रोजन सोडतंच, त्याला इलाज नाही. रुपयाचा हिशेब धरा. जिवाणूनं जेवढे इलेक्ट्रॉन खर्च केले त्यातले बारा आणे नायट्रोजनला जातात आणि चार आणे हायड्रोजन होऊन उडतात. वजनात सांगायचं तर २८ किलो नायट्रोजन बांधला की कमीत कमी दोन किलो हायड्रोजन. आणि विकर चालू आहे पण आजूबाजूला नायट्रोजन वायूच नाही, अशी वेळ आली तर सोळाच्या सोळा आणे हायड्रोजनमध्ये जातात. गच्च भरलेल्या बंद बाटलीत तेच होतं. झाकणाखाली हवा नाही, पाण्यात विरघळलेला नायट्रोजन थोडा, तो संपला की विकराला दुसरं काम उरत नाही.

पण हा सगळा खटाटोप महाग आहे. नायट्रोजनच्या एका रेणूमागे जिवाणूला एटीपीचे सोळा रेणू मोडावे लागतात. एटीपी म्हणजे पेशीच्या खिशातली चिल्लर समजा. म्हणून आयता अमोनिया समोर आला की जिवाणू हे विकर बंदच करून टाकतो. आयतं ताट वाढलेलं असताना चूल कोण पेटवेल?

मी म्हटलं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुन्हा पानावर लिहिणार नाही. मग चार बाटल्यांचा खेळ मांडला. थंड पेयाच्या लिटरच्या बाटल्या. अंडं मुद्दाम वगळलं, कारण ते सडताना स्वतःच अमोनिया सोडतं, मग काहीच कळत नाही. प्रत्येकात उकळून गार केलेलं पाणी, जुन्या लाल बाटलीतलं कपभर विरजण, अर्धा चमचा अजिनोमोटो आणि थोडं व्हिनेगर. व्हिनेगरचा आंबटपणा मोडायला खायचा सोडा घातला आणि फसफस पूर्ण थांबेपर्यंत तोंड उघडं ठेवलं, नाहीतर तोच वायू फुग्यात जातो आणि आपण उगाच खूष होतो. मग गळ्यापर्यंत भरून तोंडाला जत्रेतले फुगे, वर दोरा. पहिल्या दोन अशाच ठेवल्या. तिसरीत चिमूटभर अमोनियम सल्फेट जास्त. चौथी पहिल्यासारखीच, पण काळ्या कापडात गुंडाळलेली. चैत्राचं ऊन लागून बाटल्या शिजू नयेत म्हणून चारही पाण्याच्या घमेल्यात उभ्या केल्या.

पाचव्या दिवशी तिसरी बाटली सगळ्यांत लाल. मी पुतणीला फोन करून म्हटलं, तुझं शास्त्र उलटं पडलं. ती म्हणाली, रंग बघू नका, फुगा बघा. फुगा मान टाकून पडलेला. आठव्या दिवशी पहिल्या दोघींचे फुगे लिंबाएवढे उभे राहिले. रात्री थोडे बसायचे, दिवसा पुन्हा उठायचे. रबरातून हायड्रोजन झिरपतो आणि रात्री नवा तयार होत नाही, म्हणून. कापडातली बाटली होती तशीच, ना रंग ना वायू. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तेराव्या दिवशी घडली. तिसरीचा फुगाही मान वर करू लागला! घातलेला अमोनिया खाऊन संपला होता. आयतं संपल्यावर चूल पेटली.

तो वायू हायड्रोजनच कशावरून, असं कृषी खात्यातले एक मित्र विचारतील, म्हणून आधीच सांगतो. दहावीला जस्ताचा तुकडा आणि सौम्य आम्ल घालून साबणाच्या फुग्यात हायड्रोजन धरायचा आणि पेटती मेणबत्ती लावली की "पट्" आवाज, हा प्रयोग मास्तरांनी करून दाखवलेला आठवतो. पुतणीनं फुग्यातला थोडा वायू तसाच साबणाच्या फेसात सोडून, लांब काडीनं पेटवला. पट् वाजला. जळणारा वायू आहे एवढं नक्की. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासलेला नाही, तेव्हा शपथेवर बोलणार नाही. आणि हे कोणी घरी करू नका. मोठा कॅन उघडताना तर विडी-काडी लांबच ठेवा, झाकण रोज थोडं सैल करा. माझी हनुवटी आठवा.

आता त्या पोराच्या खाचराकडे येऊ. त्याचं आणि माझं, दोघांचं दुहेरी चुकलं होतं. त्यानं युरिया पूर्ण सोडला. दहा बाटल्यांतले जिवाणू त्याची जागा घेतील एवढी त्यांची ताकदच नाही. भाताच्या पाण्यात प्रकाशावर जो नायट्रोजन बांधला जातो तो मुख्यतः निळ्या-हिरव्या शेवाळामुळे. लाल जिवाणूंचा हिस्सा त्यात थोडा. ही शेवाळाची गोष्ट आपल्याच देशातल्या पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवली होती. चांगली स्थिती असेल तर शेवाळ हंगामाला हेक्टरी २० ते ३० किलो नायट्रोजन देतं असं सांगतात. म्हणजे वीस गुंठ्याला चार ते सहा किलो. मदत आहे, पूर्ण भागवण नाही.

आणि मी काय करत होतो? मी माझ्या खाचरात लाल बाटलीही सोडत होतो आणि पाण्यावर युरियाही फेकत होतो. वर उत्पन्न चांगलं आलं म्हणून बाटलीची आरती ओवाळत होतो. पीक युरियावर आलं होतं. युरिया पाण्यात पडला की दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया दिसला की त्या पाण्यातल्या सगळ्या नायट्रोजन बांधणाऱ्यांनी चूल विझवली. माझ्या तिसऱ्या बाटलीसारखं. रंग लाल, फुगा रिकामा. चार वर्षं मी हेच केलं, आणि तुम्हाला सांगितलं.

यातून वाट आहे, आणि ती आपल्याकडे जुनीच आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतल्या युरिया-डीएपीच्या गोळ्या. २.७ ग्रॅमची गोळी, लावणीनंतर लगेच चार चुडांच्या मधोमध हातानं चिखलात खोल दाबायची. हेक्टरी साधारण १७० किलो लागतात. आपण तिच्याकडे खत वाचतं म्हणून बघतो. पण दुसरा फायदा असा की अमोनिया मुळाशी चिखलात राहतो, वरच्या पाण्यात फार येत नाही. वरचं पाणी भुकेलं राहतं, आणि भुकेलं राहिलं तरच शेवाळ नायट्रोजन बांधतं. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या लोकांनी हे पूर्वीच दाखवलेलं आहे, खोल दिलेल्या युरियानं शेवाळाचं काम तेवढं थांबत नाही, फेकलेल्यानं थांबतं. शेवाळाला स्फुरद मात्र लागतो, आमच्या तांबड्या जमिनीत त्याचीच बोंब असते.

बांधावर उभं राहून बुडबुडे बघून "बघा, हायड्रोजन निघतोय" म्हणू नका. दुपारी शेवाळाच्या साईवर जे बुडबुडे अडकतात ते ऑक्सिजनचे. चिखलात पाय घातला की गुबूगुबू वर येतो तो मिथेन. खाचरात हायड्रोजन हाताला लागतच नाही. एक तर हवेत नायट्रोजन भरपूर, त्यामुळे विकर बारा आणे योग्य कामाला लावतं. दुसरं, बऱ्याच जिवाणूंकडे सुटलेला हायड्रोजन परत पकडून वापरायचं दुसरं विकर असतं. आणि नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सोसत नाही. निळं-हिरवं शेवाळ तर स्वतःच ऑक्सिजन सोडतं, मग करायचं काय? त्याच्या माळेत मधून मधून एखादा मणी जाड कवचाचा असतो, त्यात ऑक्सिजन तयार होत नाही, आणि नायट्रोजनचं काम त्या बंद खोलीत चालतं. काही शेवाळं पाळी लावतात, दिवसा साखर, रात्री नायट्रोजन. लाल जिवाणूला ही कटकट नाही, तो प्रकाशावर जगतो पण ऑक्सिजन सोडतच नाही. म्हणून हायड्रोजनसाठी शास्त्रज्ञांची त्याच्यावर नजर.

सोयाबीनवाल्यांसाठी एवढंच, की तुमच्या मुळाच्या गाठीतही हेच विकर आहे. तिथला जिवाणू प्रकाशावर नाही, पिकानं दिलेल्या साखरेवर जगतो. १९७६ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला शुबर्ट आणि इव्हान्स यांनी मोजून दाखवलं की बऱ्याच शेंगवर्गीय पिकांच्या गाठींतून हायड्रोजन सुटून जातो, म्हणजे पिकाची शक्ती तेवढी वाया. जिवाणू निवडताना हायड्रोजन परत पकडणारा वाण निवडावा हा विचार तिथून आला. पाकिटावर हे लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

हायड्रोजनच्या गाडीबद्दल आणि पंपाबद्दल काही जणांनी विचारलं होतं. २०२३ च्या जानेवारीत केंद्रानं हरित हायड्रोजनचं मिशन मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. पण तो हायड्रोजन मुख्यतः सौर-पवन विजेनं पाणी फोडून करायचा आहे, बाटलीतल्या जिवाणूंकडून नव्हे. जिवाणूचा वेग कमी, उजेडासाठी जागा अफाट लागते, आणि हायड्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे चार रेणू मोडतात. १९४९ पासून प्रयोग चालू आहेत, अजून तरी त्यावर चालणारी मोटर आपल्या विहिरीवर आलेली नाही. दुधाच्या आणि साखरेच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर हे जिवाणू वाढवायचे प्रयोग मात्र खरे आहेत आणि मला ते पटतात, कारण तिथं खाद्य फुकट आहे. तेव्हा कोणी "घरच्या घरी हायड्रोजन प्लांट" म्हणून पैसे मागायला आलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. लिंबाएवढा फुगा आठ दिवसांत, हा माझा प्लांट.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. युरियाच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतात, मग तो नायट्रोजनबरोबर चार-पाचशे अंश उष्णतेत, प्रचंड दाबाखाली जोडतात, तेव्हा अमोनिया होतो. म्हणजे कारखान्याला हायड्रोजनसाठी पैसे मोजावे लागतात. आणि चिखलातला हा जीव साध्या उन्हात, साध्या पाण्यात तेच काम करतो आणि वर हायड्रोजन फेकून देतो. मी बांधावर बसून यावर पुष्कळ विचार केला. त्यातून उपयोगाचं काही निघालं नाही.

आणखी एक घोळ. दुकानात "पीएसबी" मागितलं की स्फुरद विरघळवणारे जिवाणू देतात. लाल बाटलीलाही लोक पीएसबीच म्हणतात. दोन्ही वेगळे. मागच्या वर्षी दोघा-तिघांनी एकाच्या जागी दुसरं वापरलं. त्यालाही माझंच अर्धवट लिहिणं कारण होतं.

यंदा काय केलंय ते सांगतो. परवा लावणी उरकली. बांध वेगळे असलेली पाच-पाच गुंठ्यांची तीन खाचरं धरली आहेत. वरच्यात नेहमीसारखा फेकून युरिया. मधल्यात फक्त गोळ्या. खालच्यात गोळ्या आणि वर शेवाळाचं विरजण, लाल बाटली नाही. पाणी वरून खाली येतं म्हणून वरच्या खाचराचं पाणी बाहेरून चर काढून ओढ्याला सोडलंय, नाहीतर सगळा हिशेब बिघडेल. त्या पोरालाही बोलावून घेतलं होतं. जे घडलं ते त्याला बाटल्यांपुढे उभं करून सांगितलं, आणि गेल्या वर्षी वेळ मारून नेली तेही सांगितलं. तो फुग्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "तात्या, मग यंदा मला अर्ध्या खाचराच्या गोळ्या द्या, अर्ध्यात मी नेहमीचं टाकतो." त्याच्या घट झालेल्या तीन क्विंटलांचं मी काही करू शकलो नाही. गोळ्या माझ्याकडच्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. तो घ्या घ्या म्हणत होता.

मागच्या वर्षीची पोस्ट काढून टाकलेली नाही. वर मोठ्या अक्षरात "हे चुकलं आहे, नवीन वाचा" असं लिहून ठेवलंय. ज्यांनी ती पुढे पाठवली होती त्यांनी हीसुद्धा पाठवावी. ज्यांनी बाटलीवर विसंबून युरिया सोडला असेल त्यांनी अजून वेळ गेलेली नाही, फुटव्याच्या आधी नायट्रोजन द्या. तिन्ही खाचरांचे आकडे झोडणी झाली की टाकतो, कमी आले तरी.